ब्रँडेबल डोमेनची फेरविक्री किंमत: ८० नावांतली कोणती ठेवायची आणि कितीला लावायची

तुमच्याकडे फेरविक्रीसाठी घेतलेली ८० डोमेन नावं, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, आहेत; ब्रँड म्हणून चालतील अशी. बहुतेक डॉट कॉम, काही डॉट इन. बरीचशी स्वतः घडवलेली, थोडी मराठी शब्दांवरून बेतलेली. मूल्यांकनाची ऑनलाइन साधनं प्रत्येक नावाला एक-दोन लाख रुपये दाखवतात, पण तीन वर्षांत एकही नाव गेलेलं नाही आणि आता रिन्यूअल, म्हणजे नाव चालू ठेवण्याची वार्षिक फी, तोंडावर आलंय. कोणती ठेवायची, कोणती सोडायची आणि ठेवलेल्यांना किंमत काय लावायची, असा तुमचा प्रश्न आहे.

साधनांनी दाखवलेला आकडा आधी बाजूला ठेवा. गोडॅडीचं मूल्यांकन असो की एस्टिबॉट, ही साधनं शब्द किती शोधला जातो, नाव किती अक्षरांचं आहे, एक्स्टेन्शन (डॉट कॉम, डॉट इन) कोणतं आणि त्या धाटणीची आधीची नावं कितीला गेली, यावरून अंदाज बांधतात. ‘विमा’ किंवा ‘लोन’ असलेल्या नावाला याचा थोडा उपयोग होतो. घडवलेला शब्द कोणी शोधतच नसतो, त्यामुळे साधनाकडे धरायला काही नसतं आणि ते ढोबळ सरासरी पुढे करतं. या आकड्याचं महत्त्व एवढंच, की तो समोरच्यालाही दिसतो. तुम्ही चार लाख मागताय आणि साधन पन्नास हजार दाखवतंय, तर तो स्क्रीनशॉट पाठवून घासाघीस सुरू करणार. एवढ्यासाठी आकडा माहीत असावा. ठेवायचं की सोडायचं हे त्यावरून ठरवू नका.

किंमत खरी ठरते ती एका प्रश्नावर: हे नाव मिळालं नाही तर गिऱ्हाईक किती सहज दुसऱ्या नावाकडे वळेल?

‘तोरण’ हा शब्द घ्या. रोमन लिपीत पाच अक्षरं, स्पेलिंग एकच, अर्थ शुभ. लग्नाची सजावट करणारा, घरगुती वस्तू विकणारा, बिल्डर, सणासुदीच्या भेटवस्तूंची कंपनी, सगळ्यांना चालणारा. ज्यानं तोरण हेच नाव मनात धरलं, बोर्ड रंगवला, त्याला त्या शब्दाच्या डॉट कॉमला पर्याय नाही. म्हणून अशा शब्दाच्या डॉट कॉमला लाखांतली किंमत मागता येते. त्याच शब्दाला ‘माय’, ‘ली’ किंवा ‘फाय’ चिकटवून केलेल्या नावाला मात्र शंभर पर्याय असतात. तोरण न मिळालेला माणूस स्वतःच बसून पाच मिनिटांत असं एखादं जोडनाव काढतो आणि हजार-बाराशे रुपयांत नोंदवतो. तुमच्याकडून ते दीड लाखाला का घेईल?

पूर्ण घडवलेली, कोणत्याच भाषेत अर्थ नसलेली नावं या दोन टोकांच्या मधे बसतात. त्यांना पर्याय हजारो असतात, पण चांगला पर्याय शोधायला वेळ जातो, भागीदारांचं एकमत व्हावं लागतं, ट्रेडमार्क तपासावा लागतो. त्या कटकटीपासूनच्या सुटकेचे पैसे खरेदीदार देतो. म्हणून उच्चाराला गोड, सहा-सात अक्षरांच्या घडवलेल्या डॉट कॉमला अॅटम किंवा ब्रँडबकेटसारख्या बाजारांवर साधारण दीड ते चार हजार डॉलरची किंमत लावली जाते. त्याच्या वर जायचं तर नावात काहीतरी खास हवं: फार आखूडपणा, किंवा एखाद्या मोठ्या धंद्याकडे बोट दाखवणारं मूळ. झीरो आणि रोध मिळून झेरोधा झालं, नायिकेवरून नायका झालं. दोन्ही नावांत मूळ शब्दाची धग शिल्लक आहे. निव्वळ अक्षरं फिरवून केलेल्या नावात ती नसते.

स्पेलिंगची चाळणी सगळ्यात निर्दय ठेवा. गर्दीच्या लोकलमधून फोनवर नाव सांगितलं आणि समोरच्यानं न विचारता बरोबर टाइप केलं, तर ते पास. हे प्रत्यक्ष करून बघा: एक मराठी, एक गुजराती किंवा हिंदी आणि एक दाक्षिणात्य बोलणारा, अशा तिघांना नाव फक्त ऐकवा आणि लिहायला सांगा. तिघांनी तीन तऱ्हा केल्या तर नाव सोडायच्या यादीत. इथे मराठीवरून बेतलेली नावं फार पडतात, आणि पडण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. ‘ळ’ रोमन लिपीत उरत नाही; ‘चाळ’ लिहायला जावं तर वाचणारा ‘चल’ किंवा ‘चाल’ वाचतो. ‘ज्ञ’ आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय, संस्कृतवाले जे-एन. ‘ऋ’ महाराष्ट्रात आर-यू होतो आणि उत्तरेत आर-आय, म्हणून कृषी, वृक्ष, अमृत यांची दोन-दोन स्पेलिंगं फिरतात. व्ही की डब्ल्यू, झेड की जे-एच, एक ए की दोन, हे घोळ वेगळेच. ‘झुळूक’ कानाला कितीही सुंदर वाटलं, तरी रोमनमध्ये त्याची निदान चार रूपं होतात. त्यातलं एक तुमच्याकडे असणं म्हणजे पाव नाव असणं. ‘उमेद’चंही तसंच: एक ई, दोन ई, एक एम, दोन एम. शिवाय राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची ओळखच ‘उमेद’ आहे, त्यामुळे सर्चमध्ये नवा धंदा कायम त्याच्या मागे राहणार.

नायकाचं स्पेलिंगही सरळ नाही, तरी चाललंच ना, असं कोणी म्हणेल. जाहिरातीवर सतत खर्च करणारी कंपनी वाकडं स्पेलिंग लोकांच्या अंगवळणी पाडू शकते. ती ताकद नाव विकत घेतल्यानंतर लागते आणि तिचा खर्च खरेदीदारच करणार असतो, म्हणून तो तेवढा दर कापूनच बोलतो.

यानंतर खरं काम: गिऱ्हाईक मोजणं. एका नावाला वीस मिनिटं द्या. नावाचा मूळ भाग घ्या आणि डॉट-डीबीसारख्या साधनात तो किती एक्स्टेन्शनमध्ये नोंदलेला आहे ते बघा. नुसती संख्या पुरत नाही; त्यातल्या किती ठिकाणी खरा धंदा चालू आहे, हे उघडून बघायचं. मग आधी ‘गेट’, ‘ट्राय’ आणि शेवटी ‘अॅप’, ‘इंडिया’, ‘नाऊ’, ‘एचक्यू’ जोडून शोधा. अशी शेपटी लावून काम भागवणारी कंपनी हे सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक, कारण तिचा ब्रँड ठरलेला आहे आणि नेमकं नाव मात्र तिच्याकडे नाही. मुंबईत सुरू झालेल्या झेप्टोचं संकेतस्थळ कितीतरी काळ ‘झेप्टो नाऊ’ या नावावर चालत होतं, हे त्या परिस्थितीचं ठळक उदाहरण. पुढे लिंक्डइनवर त्या नावाच्या कंपन्या आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नावाचा शोध. तुमच्या शब्दावर चालू धंदे आठ-दहा असतील, त्यातले दोन-तीन पगारी माणसं ठेवण्याइतके मोठे असतील, तर नाव ठेवा. एकही नसेल तर तुम्ही भविष्यात कधीतरी कोणीतरी हाच शब्द पसंत करेल यावर पैसे लावताय. ते चुकीचं नाही, पण दर त्या हिशेबानं कमी हवा.

आधीच्या विक्रीचे आकडे नेमबायो या संकेतस्थळावर बघा, पण तिथला आकडा कुठून आला ते आधी वाचा. ऑक्शनमधली किंमत बहुतेकदा घाऊक असते. दोन गुंतवणूकदार भिडले की दुसऱ्या क्रमांकाचा जिथे थांबतो, तिथे भाव ठरतो. एंड यूजरनं म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्यानं दिलेली किंमत किरकोळ, आणि ती घाऊकच्या दहा-वीस पटसुद्धा असू शकते. दोन्ही एकाच यादीत मिसळलेल्या असतात. शिवाय बऱ्याचशा किरकोळ विक्री जाहीर होतच नाहीत, आणि न विकल्या गेलेल्या लाखो नावांची नोंद कुठेच नसते. ‘ओरा’वर संपणारी वीस नावं दोन-तीन हजार डॉलरला गेलेली दिसली, तर ‘ओरा’वर संपणारी किती हजार नावं पडून आहेत हेही लक्षात घ्यायला हवं. घाऊक बाजारात तुम्ही स्वतः नव्यानं नोंदवलेल्या, घडवलेल्या नावाला आज जवळपास शून्य भाव आहे. हे ऐकायला कडू आहे, पण पुढचा हिशेब याच पायावर उभा राहतो: अडचणीच्या वेळी विकून मोकळं होता येईल, असं या नावांबाबत धरू नका.

आता हिशेब, आणि हा वहीत मांडाच. डॉट कॉमचं रिन्यूअल जीएसटी धरून १,२०० रुपये समजा. किंमत २ लाख, बाजाराचं कमिशन ३० टक्के, म्हणजे हातात १ लाख ४० हजार. वर्षाला शंभरात एक नाव जातं, असं या धंद्यात साधारण धरतात. चांगल्या निवडलेल्या संग्रहात दोन, ढिसाळ संग्रहात अर्धं किंवा त्याहून कमी. एक टक्क्यानं प्रत्येक नाव वर्षाला सरासरी १,४०० रुपये कमावतं आणि १,२०० खातं. उरले २००. अर्ध्या टक्क्यानं कमाई ७०० आणि खर्च तोच, म्हणजे दर वर्षी ५०० रुपये तोटा. दोन टक्क्यांनी मात्र १,६०० रुपये सुटतात. सगळा धंदा एक आणि दोन टक्क्यांच्या मधल्या फटीत आहे.

तुमच्या ८० नावांना हेच लावा. सोयीसाठी सगळी डॉट कॉमच धरू. रिन्यूअल ९६,००० रुपये. एक टक्क्यानं वर्षाला सरासरी ०.८ नाव जाणार, म्हणजे १ लाख १२ हजार, शिल्लक १६,०००. यातून सगळ्यात चांगली ३० निवडली आणि त्यांच्या विक्रीचा दर दोन टक्के पडला, तर रिन्यूअल ३६,०००, सरासरी ०.६ विक्री, कमाई ८४,०००, शिल्लक ४८,०००. संग्रह निम्म्याहून लहान झाला आणि शिल्लक तिप्पट. नावं सोडताना जीव तुटतो, प्रत्येकाच्या मागे एक कल्पना असते; पण सोडणं हाच इथे कमाईचा भाग आहे.

सरासरीवर विसंबून मात्र राहू नका. ८० नावं आणि एक टक्का दर असला तरी अख्खं वर्ष एकही विक्री न होण्याची शक्यता ४५ टक्के असते, आणि सलग दोन वर्षं कोरडी जाण्याची २० टक्के. ३० नावं आणि दोन टक्क्यांना एक वर्ष कोरडं जाण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तुमची तीन वर्षांची शांतता एवढ्यावरूनच सगळी नावं टाकाऊ ठरत नाहीत. पण निदान दोन वर्षांचं रिन्यूअल बाजूला काढून ठेवलेलं नसेल, तर चांगलं नाव विकलं जाण्याच्या आधीच ते हातातून जातं. नाव ऑक्शनमधून सहा-सात हजारांना घ्यायचा मोह झाला की हाच हिशेब पुन्हा करा: वर्षाला १,६०० सुटणाऱ्या नावालाही ती रक्कम फेडायला चार वर्षं लागतात.

कायद्याची बाजू किंमत शून्यावर आणू शकते. मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ मध्येच रेडिफच्या बाजूनं ‘रॅडिफ’ डॉट कॉम वापरणाऱ्यांना रोखलं होतं. एका अक्षराचा फरक वाचवू शकला नाही. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं हे स्पष्ट केलं. डॉट कॉमच्या तक्रारी डोमेन नावांची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या यूडीआरपी या तंटा-निवारण धोरणाखाली चालतात, तिथे नाव वाईट हेतूनं नोंदवलं आणि वापरलं अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डॉट इनसाठीच्या तशाच धोरणात, आयएनडीआरपीत, नोंदवलं किंवा वापरलं, यातलं एकही पुरतं, म्हणजे डॉट इन धारकाची बाजू जास्त नाजूक. म्हणून दोन चालू ब्रँडची नावं जोडून ठेवणं, विलीनीकरणाच्या बातमीवर डोळा ठेवून नाव अडवणं, हे मुळीच करू नये. २०२४ मध्ये जिओ आणि हॉटस्टार जोडलेल्या नावाची बातमी सगळ्यांनी वाचली. त्या वाटेनं पैसे येत नाहीत, नोटीस येते.

तपासायचं कसं: ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात (तिचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईत अँटॉप हिललाच आहे) वर्डमार्क म्हणजे शब्दावरून आणि फोनेटिक म्हणजे उच्चारावरून, दोन्ही प्रकारे शोधा. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत, पण सॉफ्टवेअरसाठी ९ आणि ४२, विक्रीसाठी ३५ आणि तुमच्या नावाला शोभणारा मालाचा वर्ग एवढे तरी बघाच. नावाच्या आत दुसरा ब्रँड लपलेला नाही ना, हेही. झोमॅटो आधी ‘फूडीबे’ होतं. त्याच्या रोमन स्पेलिंगची शेवटची चार अक्षरं म्हणजे ‘ईबे’, आणि २०१० मध्ये नाव बदलण्यामागे ते एक कारण होतं. ‘पे’ या शेपटीवरून फोनपे आणि भारतपे वर्षानुवर्षं न्यायालयात होते, समझोता २०२४ मध्ये झाला. तुमच्या यादीत ‘पे’वर संपणारी नावं असतील तर त्यांची किंमत या धास्तीसकट लावा.

डॉट इनबद्दल माझं मत: तोच शब्द, तेच अक्षर, तरी किंमत डॉट कॉमच्या दहावा ते पाचवा हिस्सा. गिऱ्हाईक फक्त भारतातलं, आणि इथला लहान उद्योजक वीस-पंचवीस हजारांपुढे सहसा हात आखडतो. पण अखंड, ओळखीचा शब्द असेल तर डॉट इन ठेवण्यासारखं आहे. घडवलेल्या शब्दाचं डॉट इन, ज्याचं डॉट कॉमही रिकामं किंवा विकाऊ आहे, ते सोडून द्या. डॉट एआयला मागणी आहे, पण नोंदणीच किमान दोन वर्षांची आणि रिन्यूअल डॉट कॉमच्या कितीतरी पट. वरचा हिशेब त्या आकड्यांनी केल्याशिवाय हात घालू नये. पहिल्या वर्षी शंभर रुपयांत मिळणारी नवी एक्स्टेन्शन दुसऱ्या वर्षी हजारोंचं बिल देतात, आणि ‘प्रीमियम’ गटातल्या नावांना तो वाढीव दर दर वर्षी लागतो. ‘मुंबई’ जोडलेली नावंही तपासून बघा: पुण्याला शाखा काढायची वेळ आली की ते नाव अडतं, त्यामुळे गिऱ्हाईक एका गावापुरतं उरतं.

लाटेवरची नावं वेगळी काढा. फेसबुकनं ऑक्टोबर २०२१ मध्ये मेटा नाव घेतलं आणि त्या शब्दाची नावं ढिगानं नोंदवली गेली. आज त्यातली फारच थोडी कोणाला हवी आहेत.

जुनं, कोणीतरी सोडलेलं नाव असेल तर संकेतस्थळांची जुनी पानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्याचा भूतकाळ बघा. जुगार, बनावट औषधं, परकी स्पॅम पानं दिसली तर स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीतही शोधा. अशा नावावरून पाठवलेला ईमेल थेट स्पॅममध्ये जातो, आणि सावध खरेदीदार पैसे देण्याआधी हे तपासतोच.

ठेवलेल्या नावांना किंमत स्पष्ट छापा. ‘ऑफर द्या’ एवढंच लिहिलेल्या पानावरून बरेच लोक परत फिरतात. अखंड शब्द वगळता बाकी नावांना एक ठाम विक्री किंमत ठेवा, आणि शक्य असेल तिथे हप्त्यांची सोय. नव्या कंपनीला एकदम दोन लाख जड जातात, वीस हप्त्यांत दहा-दहा हजार जात नाहीत. आलेल्या चौकशीत कंपनीच्या ईमेलवरून आलेली एक, ही दहा मोघम ऑफरींपेक्षा मोलाची. कोणी भरघोस रक्कम बोलून ‘आधी अमुक संकेतस्थळाचं मूल्यांकन प्रमाणपत्र आणा’ म्हणालं तर तिथेच थांबा. ही ठरलेली फसवणूक आहे, प्रमाणपत्राची फी घेऊन खरेदीदार गायब होतो. मोठा व्यवहार एस्क्रोतूनच, म्हणजे दोघांच्या मधे राहून पैसे सांभाळणाऱ्या सेवेतूनच, करा आणि पैसे एस्क्रोत जमा झाल्याची खात्री तिथल्या तुमच्या खात्यात शिरून केल्याशिवाय ऑथ कोड (नाव हलवण्यासाठी लागणारा गुप्त कोड) देऊ नका. नाव नुकतंच नोंदवलं किंवा हलवलं असेल तर ६० दिवसांचं कुलूप असतं, तोवर ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही; हे खरेदीदाराला आधीच सांगा.

सोडायच्या नावांची यादी मुदतीच्या साठ दिवस आधी गुंतवणूकदारांना एकगठ्ठा, नावामागे दोनशे-तीनशे रुपयांना देऊन बघा. नाही गेली तर ऑटो-रिन्यू बंद करा. ज्या नावांची मुदत पुढच्या महिन्यातच संपते त्यांना तेवढा वेळ उरलेला नाही, तिथे ऑटो-रिन्यू या आठवड्यातच तपासा. मन बदलायचं असेल तर मुदतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच बदला. डॉट कॉमला रजिस्ट्रारनुसार ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो, पण काही रजिस्ट्रार त्याच काळात नाव ऑक्शनला काढतात. त्यापुढे ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, ज्यात परत मिळवायला रिन्यूअलच्या कितीतरी पट दंड बसतो, आणि मग ५ दिवसांनी नाव सगळ्यांसाठी मोकळं होतं. त्या ऑक्शनवर मात्र लक्ष ठेवा. तुम्ही सोडलेल्या नावावर तीन-चार जणांनी बोली लावली, तर त्या धाटणीची जी नावं तुम्ही ठेवली आहेत त्यांची किंमत वाढवायला हरकत नाही.